खान्देशातल्या धावपट्ट्या : जळगाव, धुळे, शिरपूर... कोणती कधीची आणि कोणाची?

पारोळ्याची लेक

नमस्कार मंडळी. मी पारोळ्याची, नोकरीमुळे आता पुण्यात असते. दिवाळीत माहेरी गेले होते तेव्हा भाच्याने एक प्रश्न विचारला आणि मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे विचारतेय. त्याला शाळेत 'आपल्या भागातील दळणवळण' असा प्रकल्प दिलाय. रेल्वेवर दोन पानं झाली, हायवेवर झालं, एसटीवर झालं आणि विमानाच्या रकान्यात फक्त 'जळगाव विमानतळ' एवढे दोन शब्द. तर तो म्हणतो, फुई, मग आपल्या मळ्यावरून ती छोटी पंख्याची विमानं जातात ती कुठली, ती तर धुळ्याच्या बाजूने येतात आणि त्यांच्यात दोनच माणसं बसलेली असतात.

वडील म्हणाले आमच्या वेळी इमान दिसलं का सगळी पोरं वखर-बैल सोडून बांधावर पळायची, बस, त्याच्यापुढे त्यांनाही माहिती नाही. तर मला जाणून घ्यायचंय की खान्देशात सरकारी आणि खाजगी अशा किती धावपट्ट्या आहेत, कधी झाल्या, कोणाच्या ताब्यात होत्या आणि जळगावची मुंबई फ्लाइट सुरू होते नि बंद पडते ते का. ज्यांनी स्वतः पाहिलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा, पोरगं खरंच मन लावून करतंय.

कुसुंबा फाटा

ताई, जळगावचं मी सांगतो, माझं बालपण कुसुंब्याच्याच बाजूला गेलंय. जळगाव शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर, अजिंठ्याला जायच्या रस्त्याला लागून. ही धावपट्टी १९७३ ची, पीडब्ल्यूडीने बांधलेली. १९७३ म्हणजे काय साल होतं ते तुमच्या वडलांना विचारा, दुष्काळ, मिलो ज्वारी, सुकडी, दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं. तेव्हा जिल्ह्यात अर्धी माणसं खडीवर होती आणि त्याच साली इथे विमानाची पट्टी झाली, हे दोन्ही भाच्याने एकाच पानावर लिहावं असं मला वाटतं.

मग ती पट्टी तशीच वर्षानुवर्षं. कोणी मंत्री आला, कोणी कारखानदार आला की एखादं छोटं विमान उतरायचं, बाकी वेळ मोकळी. आम्ही पोरं कुंपणाच्या बाहेर उभे राहायचो. वर लाल-पांढरी कापडी पिशवी फडफडायची, वाऱ्याची दिशा दाखवणारी, ती फुगली की आम्हाला वाटायचं आता काहीतरी येणार. बहुतेक दिवशी काही यायचं नाही.

आता मालकीचं ऐका कारण तिथे खरी गोष्ट आहे. १९९७ ला ती चालवायला घेतली जळगाव नगरपालिकेने. महापालिका नाही हां, नगरपालिका, महापालिका तर २००३ ला झाली. म्हणजे घरपट्टी, नळपट्टी आणि दिवाबत्ती बघणाऱ्या पालिकेकडे विमानतळ होता आणि दहा वर्षं होता. मला याचा अजून अभिमान वाटतो. २००७ ला तो महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे गेला, २००९ ला राज्य सरकारने भारतीय विमानतळ प्राधिकरणाशी करार केला आणि नंतर खरं काम सुरू झालं. प्रतिभाताई पाटील तेव्हा राष्ट्रपती, त्या आपल्याच जिल्ह्याच्या, १९६२ ला जळगावमधूनच पहिल्यांदा आमदार झालेल्या. २०१० ला त्यांच्याच हस्ते भूमिपूजन आणि २०१२ ला त्यांच्याच हस्ते उद्घाटन. १७०० मीटरची धावपट्टी, नवीन टर्मिनल, सगळं झालं.

आणि त्याच्यानंतर पाच वर्षं एकही रोजची फ्लाइट आली नाही.

गोंदूरकर

ताई तुमच्या भाच्याने बरोबर पाहिलंय, त्याला शाबासकी द्या माझ्याकडून. धुळ्याकडून येणारी ती विमानं आमच्या गोंदूरची. धुळे शहराला लागूनच आमचं गाव आणि गावाच्या शिवारात सरकारी विमानतळ. तिथे प्रवासी फ्लाइट नाही, पायलट तयार होतात. बॉम्बे फ्लाइंग क्लबचं ट्रेनिंग इथे चालतं.

हा क्लब म्हणजे साधासुधा नाही. १९२८ चा, मुंबईत जुहूला सुरू झालेला. जेआरडी टाटा तिथेच शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना भारतात दिलेलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं, नंबर एक. जुहूला पुढे चारी बाजूंनी वस्ती वाढली, डोक्यावर सांताक्रूझची मोठी विमानं, मग नवशिक्या पोराने तिथे घिरट्या मारायच्या कुठे. त्याला मोकळं आकाश लागतं आणि ते आमच्याकडे आहे. ज्या क्लबात जेआरडी शिकले त्या क्लबाची पोरं आज गोंदूरच्या कापसावरून उडतात, हे प्रकल्पात नक्की घ्या.

दोन माणसं दिसतात म्हणालात ना, एक शिकवणारा, एक शिकणारा. शेजारी शेजारी बसतात, दोघांपुढे कंट्रोल असतात. कमर्शियल लायसन्सला २०० तास उडावं लागतं, त्यातले बरेच तास एकट्याने काढायचे असतात. सुरुवातीला पट्टीच्या भोवतीच चौकोनी फेरी मारतात, त्याला सर्किट म्हणतात. उतरायचं, चाकं टेकली की परत पॉवर द्यायची आणि परत वर, असं एका सकाळी आठ-दहा वेळा. हात बसला की मग लांबचा प्रवास, दुसऱ्या विमानतळावर जाऊन परत यायचं. तुमच्या मळ्यावरून जाणारं विमान बहुतेक ह्याच कामाला निघालेलं असणार, कारण हायवे खाली दिसतो आणि धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव ओळीतच येतं, नवीन माणसाला नकाशाशी ताडून बघायला सोपं.

तांडेकर

शिरपूरचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. खाजगी धावपट्टी विचारली ना तुम्ही, ती आमच्याकडे तांड्याला, शिरपूर तालुक्यात. अमरीशभाई पटेल ज्या संस्थेचे अध्यक्ष आहेत त्या शिक्षण संस्थेचं एव्हिएशनचं कॉलेज आणि त्याचीच एअरस्ट्रिप. तिथेही पायलट ट्रेनिंगच. सरकारी आणि खाजगीमध्ये फरक असा की खाजगी पट्टीवर मालकाला विचारल्याशिवाय कोणी उतरू शकत नाही, तिकीट काढून जायची फ्लाइट तिथून निघत नाही. डीजीसीए, म्हणजे केंद्राचं विमान वाहतुकीवर देखरेख करणारं खातं, लायसन्स देतानाच पब्लिक यूज की प्रायव्हेट यूज ते ठरवतं. जळगाव पब्लिक यूजमधलं.

तालुक्याच्या गावाला स्वतःची धावपट्टी असणं महाराष्ट्रात किती ठिकाणी आहे सांगा. सातपुड्याच्या पायथ्याची पोरं शाळेत जाता-येता वर बघतात आणि त्यांना माहिती असतं की ते विमान आपल्या गावातून उडालंय. मला हे फार मोठं वाटतं.

रस्तेवाला काका

सगळ्यांचं वाचलं, छान लिहिलंय. माझे वडील पीडब्ल्यूडीत रोड कारकून होते, मी पण पुढे रस्त्याच्या कामातच आयुष्य काढलं, तर एक गोष्ट कोणी लिहिली नाही ती मी लिहितो आणि मला वाटतं पोरासाठी तीच सगळ्यात कामाची आहे, ती म्हणजे खान्देशात धावपट्टी बांधायची म्हणजे कोणाशी झगडायचं असतं तर आपल्या काळ्या मातीशी.

तापीकाठची काळी कसदार जमीन, कापसाला केळीला सोनं, पण बांधकामाला वैरी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगा पडतात, भेग अशी की त्यात हात कोपरापर्यंत जातो. घराची भिंत तडकते ती याच्यामुळे, रस्ता उन्हाळ्यात लाटा आल्यासारखा होतो तो याच्यामुळे. रस्त्यावर लाट आली तर एसटी हळू घेते, विमानाला हळू घेता येत नाही. ते ताशी शंभर-दीडशे किलोमीटरने चाकं टेकतं आणि तिथे एखाद्या इंचाचा उंचवटा आला तर नाकाच्या चाकाला धोका.

म्हणून काळी माती आधी उचलून टाकायची, खाली मुरूम भरायचा, थर थर करून, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवायचा, मग दगडाची सोलिंग, मग खडी, मग डांबर. आणि दोन्ही बाजूंनी चर, कारण पाणी मुरलं की वरचं सगळं व्यर्थ. पट्टीला मधून दोन्ही कडेला उतार ठेवतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही पण पाऊस पडला की पाणी कसं सरकतं ते बघा. मला विमानात बसायचा योग एकदाच आला, पण चाकं टेकली तेव्हा माझं लक्ष सगळं खाली होतं, सपाट लागतंय का ते बघत होतो.

दुसरं, धावपट्टी पूर्व-पश्चिमच का. आपलं खोरंच पूर्व-पश्चिम आहे, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधून तापी पश्चिमेला समुद्राकडे. वारा पण त्याच वाटेने येतो. विमानाला वाऱ्याच्या तोंडावर उतरायचं असतं आणि तोंडावरच उडायचं असतं, म्हणून पट्टी वाऱ्याच्या रेषेत घालतात.

आणि मे महिना. ४४-४५ डिग्रीला हवा पातळ होते, पंखाला हवं तेवढं उचलण मिळत नाही, इंजिनाचाही जोर कमी पडतो. थंडीत जेवढ्या पट्टीत विमान उठतं त्याच्यापेक्षा उन्हाळ्यात दुपारी कितीतरी जास्त पट्टी लागते. १७०० मीटर कागदावर तेवढेच राहतात पण विमानासाठी मे महिन्यात ते कमी होतात असं समजा. म्हणून ट्रेनिंगवाले उन्हाळ्यात पहाटे उडून घेतात.

पारोळ्याची लेक

काका तुमचं भाच्याला फोनवरून वाचून दाखवलं. तो लगेच मळ्यात जाऊन भेगेत हात घालून आला म्हणे, कोपरापर्यंत नाही पण मनगटाच्या वर गेला, वहिनी ओरडली त्याला. सगळ्यांचे मनापासून आभार. गोंदूरकर दादा, जेआरडींचं वाचून वडील पण उठून बसले.

आता राहिलं ते फ्लाइटचं. पाच वर्षं काही आलं नाही, मग आलं, मग गेलं, हे नक्की काय झालं?

डाऊन महानगरी

हे मी क्रमाने सांगतो, मी जळगाव-मुंबई महिन्यातून दोनदा करतो आणि प्रत्येक वेळी फ्लाइट आहे का ते बघतोच.

केंद्राची उडान योजना आली ऑक्टोबर २०१६ ला. त्यात लहान शहरांना जोडायचं, तासाभराच्या फ्लाइटचं ठरावीक सीटचं भाडं अडीच हजारांच्या आसपास बांधून द्यायचं आणि कंपनीला जो तोटा होईल तो तीन वर्षं सरकार भरून देणार, केंद्र आणि राज्य मिळून. तीन वर्षं त्या रूटवर दुसरी कंपनी येणार नाही असंही होतं. जळगाव पहिल्याच फेरीत आलं. २३ डिसेंबर २०१७ ला एअर डेक्कनचं मुंबईचं विमान आलं, बीचक्राफ्ट, एकोणीस सीटचं. १९७३ ला पट्टी झाली आणि २०१७ ला पहिली रोजची फ्लाइट, ४४ वर्षं झाली मधे. ती काही महिन्यांत बंद पडली. मग सप्टेंबर २०१९ ला ट्रूजेटने मुंबई आणि अहमदाबाद सुरू केलं, एटीआर विमान, सत्तरच्या आसपास सीट. लोकांना सवय लागत होती तेवढ्यात मार्च २०२० ला लॉकडाऊन, सगळ्या देशाची विमानं जमिनीवर. नंतर परत सुरू झालं पण २०२२ च्या सुरुवातीला त्या कंपनीचंच उडणं थांबलं. मग दोन वर्षं परत सुनसान. २०२४ ला फ्लाय ९१ ने गोवा, हैदराबाद आणि पुणे जोडलं आणि त्याच वर्षी अलायन्स एअरने मुंबई, ही दोन्ही पण एटीआरच.

आता कारण. पहिलं कारण जळगावात नाहीच, मुंबईत आहे. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हीवर एकाच वेळी विमानं घेता येत नाहीत. तिथे प्रत्येक मिनिटाला मागणी, विमानाला उतरायला-उडायला ठरवून दिलेली जी वेळ असते तिला स्लॉट म्हणतात. एकोणीस सीटच्या विमानाला जेवढा वेळ पट्टी लागते तेवढाच एकशेऐंशी सीटच्या विमानाला. मग लहान विमानाला सकाळी आठचा स्लॉट कोण देणार, मिळतो तो दुपारचा किंवा आडवेळेचा. आणि जळगावच्या माणसाला काय हवंय, सकाळी जाऊन कोर्ट, मंत्रालय, हॉस्पिटल करून संध्याकाळी घरी. ते होत नसेल तर तो रात्री गाडीत बसतो, सकाळी दादरला उतरतो, एक दिवसाचं काम करून रात्री परत. आपली खरी स्पर्धा रेल्वेशी आहे आणि ४२० किलोमीटरला रात्रीची गाडी फार सोयीची पडते.

दुसरं, १७०० मीटरवर एटीआर आरामात उतरतं पण एअरबस ३२० सारखी मोठी विमानं नियमित चालवायला लांब पट्टी लागते. म्हणजे ज्यांच्याकडे एटीआर आहेत अशाच मोजक्या कंपन्या येऊ शकतात आणि त्यातली एक अडचणीत आली की आपण परत शून्यावर. पट्टी वाढवायची तर आजूबाजूची बागायती जमीन, तो शेतकऱ्यांचा प्रश्न, आणि तो सोपा नाही हे मी शेतकऱ्याचा मुलगा म्हणून सांगतो.

वाघूर

वरचं सगळं खरं. मी स्वतः आईला घेऊन मुंबईला दाखवायला जाणार होतो, तिला गाडीत रात्रभर बसणं होत नाही म्हणून विमानाचं काढलं, आदल्या संध्याकाळी मेसेज आला फ्लाइट रद्द. पैसे परत मिळाले पण डॉक्टरची अपॉइंटमेंट गेली ती तीन आठवडे पुढे. त्या रात्री रेल्वेचं कन्फर्म तिकीट कुठून मिळणार. कंपनीचं नाव लिहायचं नाहीये मला. पण नकाशावर विमानतळ असणं वेगळं आणि आजारी माणसाला त्याचा भरवसा असणं वेगळं, एवढं प्रकल्पात एका ओळीत तरी येऊ द्या.

चोपड्याचा गणेश

मी एक वेगळी गोष्ट सांगतो, विमानाच्या इतिहासात ही पण मोडते. १६ जुलै २०२१, आमच्या चोपडा तालुक्यात वर्डी गावाच्या शिवारात, सातपुड्याच्या जंगलात ट्रेनिंगचं विमान पडलं. शिकवणारे पायलट जागीच गेले, शिकणारी मुलगी जबर जखमी. तिथे रस्ता नाही, गाडी जात नाही, पावसाचे दिवस. आजूबाजूला जे आदिवासी बांधव होते ते आवाज ऐकून धावत गेले, साडीची झोळी केली आणि त्या मुलीला डोंगरातून चिखलातून खाली आणलं. तिला मदत मिळाली ती त्या झोळीमुळे.

धुळे, शिरपूर, जळगाव असं लिहिताना ज्या गावांवरून ही विमानं रोज जातात त्या गावांचं पण नाव यावं म्हणून लिहिलं. वर्डीच्या लोकांनी त्या दिवशी जे केलं ते कुठल्याही विमानतळाच्या फायर टीमने केलं असतं तेवढंच केलं, नुसत्या हातांनी.

कुसुंबा फाटा

गणेशभाऊ, वाचून अंगावर काटा आला. बरं झालं लिहिलंत.

ताई एक राहिलं होतं, २०२१ ला विमानतळ प्राधिकरणाने देशातले पाच विमानतळ नवीन फ्लाइंग स्कूलसाठी निवडले, बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि आसामचं लीलाबारी. म्हणजे आता जळगावलाही ट्रेनिंग. कारणं तीच जी गोंदूरकरांनी सांगितली, वर गर्दी नाही आणि पावसाळा सोडला तर आठ महिने आकाश स्वच्छ. मी तर म्हणतो फ्लाइट येतात-जातात पण खान्देशाचं विमानाशी खरं नातं पायलट घडवण्याचं आहे. तिन्ही पट्ट्यांवर तेच चालू आहे, सरकारी असो का खाजगी.

नवापूर पॅसेंजर

आमचं नंदुरबार कोणाच्या लक्षात नाही 😔 १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा जिल्हा झाला आमचा आणि जिल्ह्यात एकही विमानतळ नाही. आम्ही सुरतला जातो, तापी लाइनने गाडी आहे, तीनेक तास लागतात, सुरतला मोठा विमानतळ आहे. धुळे-जळगावपेक्षा आम्हाला सुरत जवळचं वाटतं, बाजाराला पण आणि विमानाला पण.

पारोळ्याची लेक

दादा लक्षात आहे. भाच्याने रकान्याचा तक्ता केलाय, जळगाव सरकारी, धुळे सरकारी, शिरपूर खाजगी आणि चौथी ओळ नंदुरबार. तो विचारत होता ती रिकामी आहे तर काढून टाकू का, मी म्हटलं राहू दे, तिथे सुरत लिही. वर्डीचं त्याने वेगळ्या पानावर लिहिलंय, सगळं, आणि झोळीचं चित्र काढलंय.

गोंदूरकर दादा, शेवटचं विचारते, त्याला प्रत्यक्ष दाखवायचंय. रविवारी नेलं तर काही दिसेल का?

गोंदूरकर

आत सोडत नाहीत ताई, परवानगी लागते, पण आत जायची गरजच नाही. कंपाउंडच्या बाहेरच्या रस्त्यावरून सर्किट पूर्ण दिसतं. थंडीत आणा, सकाळी सात-साडेसातला पोहोचा, धुकं नसलं की उडायला लागतात. पारोळ्याहून सहाला निघालात तरी वेळेत याल. गावात आलात की कोणालाही विमानतळ विचारा, आणि चहा आमच्याकडे घ्या, पोराला घेऊन मीच येईन दाखवायला.